बंद पडलेल्या करवतीची नाडीपरीक्षा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या बऱ्याच घरांत एक ठरलेले काम निघते. कौलांवर झुकलेल्या फांद्या, गोठ्यावर वाकलेला फणस, वाटेत आडवा आलेला वाळका आंबा, हे सगळे पहिल्या पावसाआधी मोकळे करायचे असते. त्यासाठी माळ्यावर ठेवलेली पेट्रोलची करवत, म्हणजे चेनसॉ, खाली उतरते. गावात कुणी तिला कटर म्हणतो, कुणी नुसती मशीन. गेल्या पावसाळ्यानंतर तिला कुणाचा हात लागलेला नसतो. मग दोरी ओढली जाते. दहा वेळा, वीस वेळा. इंजिन एकदा खोकल्यासारखे करते आणि पुन्हा गप्प बसते.

एरवी ही साधी गैरसोय. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीपर्यंत नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले आणि पुन्हा झाडे पडली. अशा दिवसांत गावाचा रस्ता एका झाडाने अडतो आणि रुग्णवाहिकाही तिथेच अडते. त्या वेळी करवत सुरू होणे ही चैन नसते, ती गरज असते.

आणि नेमक्या त्याच घाईत अपघात होतात. बंद यंत्र निरुपद्रवी वाटते. चिडलेला माणूस ते हातात उचलून झटके देतो, पेट्रोल सांडते, कुणी प्लग काढून ठिणगी बघतो. करवत अचानक सुरू होते, तेव्हा कुणीच त्यासाठी तयार नसते. म्हणून ती सुरू का होत नाही, हे शोधण्याची रीत आणि ते शोधताना स्वतःला सांभाळण्याची रीत, या दोन्ही एकत्रच शिकायला हव्यात.

लक्षण आणि आजार

ताप हा आजार नसतो, ते लक्षण असते. इंजिन सुरू न होणे हेही तसेच. चांगला डॉक्टर आधी विचारपूस करतो, मग तपासतो, आणि महागड्या चाचण्या शेवटी सांगतो. करवतीच्या बाबतीत मात्र अनेक जण थेट कार्बोरेटर खोलायला बसतात. त्यात मूळ दोष तसाच राहतो आणि एखादा बारीक स्क्रू हरवून नवा दोष तयार होतो.

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्याला सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. पहिली, पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य प्रमाणातले मिश्रण. दुसरी, ते मिश्रण पिस्टनने नीट दाबले जाणे. तिसरी, योग्य क्षणी पडणारी ठिणगी. या तिघांपैकी एक जरी नसेल तरी दोरी कितीही ओढून उपयोग नाही. शोध घ्यायचा तो याच तीन गोष्टींचा, आणि सोप्याकडून अवघडाकडे जात.

आधी विचारपूस

गावातला जाणता मेकॅनिक पान्याला हात लावण्याआधी विचारतो, "काका, यातलं पेट्रोल कधीचं?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते, "गेल्या पावसातलंच आहे, पण झाकण घट्ट होतं." अर्धे निदान तिथेच झालेले असते.

त्याच्याही आधी बघण्याच्या काही गोष्टी अगदी क्षुल्लक वाटतात, पण सुटतात त्याच. बंद करण्याचा स्विच चालूच्या बाजूला आहे का? टाकीत पेट्रोल आहे का? करवतीला दोन झाकणे असतात, एक पेट्रोलचे आणि दुसरे साखळीला वंगण पुरवणाऱ्या तेलाचे. वर्षभराने हातात घेतलेल्या यंत्रात घाईने साखळीचे तेल पेट्रोलच्या टाकीत ओतले जाणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. तसे झाले असेल तर दोरी ओढू नये. टाकी रिकामी करून नव्या पेट्रोलने विसळावी लागते.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घातले, हाही प्रश्न महत्त्वाचा. या इंजिनात वंगणाचे तेल वेगळे भरत नाहीत, ते पेट्रोलमधूनच आत जाते. कंपनीने ५० : १ हे प्रमाण सांगितले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते, २५ : १ असेल तर ४० मिलिलिटर. आपल्या यंत्राचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. तेल फार जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. तेल घालायचे राहून गेले तर पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर कोरडे घासतात आणि इंजिन काही मिनिटांत कायमचे खराब होऊ शकते.

पेट्रोलही शिळे होते

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले काही फार लवकर उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू करायला हेच हलके घटक हवे असतात. डबा महिनोन्महिने पडून राहिला की ते कमी होतात. उरलेल्या पेट्रोलवर हवेतल्या प्राणवायूची प्रक्रिया होऊन चिकट थर तयार होतो. कार्बोरेटरमधल्या केसाएवढ्या बारीक वाटा तो थर बंद करतो. म्हणूनच तेल मिसळलेले पेट्रोल साधारण एका महिन्याच्या आत वापरून संपवावे, असा बहुतेक उत्पादकांचा सल्ला असतो.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि आज ते सगळीकडे मिळते. इथेनॉल पाण्याला जवळ करते. किनारपट्टीच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत ओलावा शिरतो, आतल्या बाजूला दव धरते आणि इथेनॉल ते पाणी सामावून घेते. एका मर्यादेपलीकडे मात्र ते पेट्रोलपासून वेगळे होते. पाणी आणि इथेनॉल यांचा जड थर तळाशी बसतो, पेट्रोल आणि तेल वर राहते. करवतीचा इंधन ओढणारा फिल्टर टाकीच्या तळाशीच असतो. म्हणजे इंजिनाला मिळते ते पाणी मिसळलेले इथेनॉल. त्यावर ते सुरू होत नाही, आणि झालेच तर त्याला पुरेसे वंगण मिळत नाही. लहान इंजिनांसाठी अनेक उत्पादक इथेनॉलची मर्यादा १० टक्के सांगतात. आपल्या यंत्राची मर्यादा काय आहे, हे पुस्तिकेत किंवा विक्रेत्याकडे तपासून घ्यावे.

तपासणी सोपी आहे. टाकीतले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यावे आणि स्थिर राहू द्यावे. ते गढूळ दिसले, दोन थर दिसले किंवा वॉर्निशसारखा वास आला तर ते बदलावे. बंद करवतीवरचा सर्वांत स्वस्त आणि अनेकदा पुरेसा उपाय एवढाच असतो, टाकी रिकामी करून ताजे मिश्रण भरणे.

तोंडाने पेट्रोल ओढू नये

टाकी रिकामी करताना एक जुनी सवय जिवावर बेतू शकते. नळीचे एक टोक टाकीत आणि दुसरे तोंडात धरून पेट्रोल ओढले जाते. पेट्रोल पातळ असते आणि घशात गेले की ठसका लागून सहज श्वासनलिकेत उतरते. फुप्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोलही तिथल्या नाजूक अस्तराला इजा करते आणि रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. सुरुवातीला फक्त खोकला येतो, पण काही तासांनी श्वास लागणे वाढू शकते.

पेट्रोल गिळले गेले तर उलटी करवू नये. उलटीबरोबर ते पुन्हा वर येताना फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मीठपाणी पाजणे किंवा बोटे घालणे हे घरगुती उपाय इथे घातक ठरतात. तोंड पाण्याने खळखळून धुवावे, पेट्रोल लागलेले कपडे काढावेत आणि रुग्णाला दवाखान्यात न्यावे. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा गुंगी येत असेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

टाकी रिकामी करायला करवत तिरकी करून मोठ्या नरसाळ्यातून पेट्रोल डब्यात ओतणे पुरते. हे काम उघड्यावर, चूल, विडी आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब करावे. जुने पेट्रोल गटारात, विहिरीजवळ किंवा कचरा पेटवायला वापरू नये. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी लावणाऱ्यालाच भडका लागतो. गॅरेजवाल्याला विचारून ते त्याच्याकडे द्यावे.

पाजून पाजून बुडालेले इंजिन

पेट्रोल ताजे आहे, तरी इंजिन सुरू होत नाही. मग पुढचा संशयित म्हणजे चोक, खरे तर तो वापरणारा हात. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते. म्हणून चोक हवेची वाट जवळजवळ बंद करतो आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. दोन-चार वेळा दोरी ओढल्यावर इंजिन एकदा फट् असा आवाज करून बंद पडते. हा आवाज म्हणजे इंजिनाने दिलेले उत्तर असते: पेट्रोल पोहोचले, ठिणगीही पडते आहे, आता हवा द्या. या वेळी चोक उघडून पुढची ओढ द्यायची असते.

अनेकांना करवतीच्या आणि आजूबाजूच्या गलक्यात हा आवाज ऐकू येत नाही. चोक तसाच राहतो, प्रत्येक ओढीबरोबर आणखी पेट्रोल आत जाते आणि प्लग भिजतो. भिजलेल्या प्लगवर नीट ठिणगी पडत नाही. आता जितके ओढावे तितके इंजिन आणखी बुडते. पाच-सहा ओढींत दाद मिळाली नाही तर थांबावे, हा नियम म्हणूनच उपयोगी आहे. तो खांद्यालाही वाचवतो. मेच्या उन्हात चिडून दिलेले वीस-पंचवीस झटके खांद्याचे आणि कमरेचे स्नायू दुखावतात. हृदयविकार असलेल्याने तर हे काम दुसऱ्यावरच सोडावे.

बुडालेल्या इंजिनावरचा उपाय असा. स्विच बंद करावा. प्लगची टोपी काढून बाजूला करावी आणि पान्याने प्लग काढावा. तो ओला असेल तर निदान पक्के. फडक्याने पुसून वाळू द्यावा. ओला प्लग गॅसच्या शेगडीवर तापवण्याची पद्धत टाळावी. स्विच बंद असतानाच, प्लगचे भोक माणसांपासून दुसरीकडे राहील अशा तऱ्हेने करवत धरून, दोरी सात-आठ वेळा ओढावी. आतले जादा पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर पडते, म्हणून चेहरा लांब ठेवावा. सांडलेले पुसून, वाफ उडून जाईपर्यंत थांबावे. मग प्लग बसवून, चोक पूर्ण उघडा ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

हवा, ठिणगी, दाब

प्लग कोरडा निघाला तर गोष्ट उलटी असते. पेट्रोल आतपर्यंत पोहोचतच नाही. टाकीतला फिल्टर भुशाने तुंबला आहे का, इंधनाची रबरी नळी कडक होऊन तडकली आहे का, हे बघावे. करवत आडवी, तिरकी कशीही धरली तरी चालते, कारण तिच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखी तरंगत्या गोळ्याची वाटी नसते. तिथे पातळ पडदे असतात आणि इंजिनातल्या दाबाच्या चढउतारावर हलून ते पेट्रोल ओढतात. जुन्या पेट्रोलमुळे ते पडदे ताठ झाले की पंप थांबतो. पडदे बदलण्याचे काम मात्र जाणकाराचे.

एअर फिल्टर कुणालाही साफ करता येतो. लाकडाचा बारीक भुसा आणि तेल यांचा लगदा त्यावर बसलेला असतो. त्यातून हवा जात नाही, म्हणजे चोक उघडूनही इंजिन चोकवरच असल्यासारखे गुदमरते. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर सायलेन्सरमधली काजळीने भरलेली बारीक जाळीही तपासून घ्यावी.

ठिणगीसाठी या यंत्राला बॅटरी लागत नाही. दोरी ओढली की चाकावरचे चुंबक कॉइलजवळून फिरते आणि हजारो व्होल्टची वीज तयार होते. प्लगच्या दोन टोकांमध्ये साधारण ०.५ मिलिमीटर फट असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. टोके काजळलेली, गंजलेली किंवा फट वाढलेली असेल तर नवा प्लग घालणे सोपे आणि स्वस्त पडते. उघड्या भोकाजवळ प्लग धरून ठिणगी पाहण्याची रीत धोक्याची आहे. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि बाजूलाच ठिणगी पडत असते. नवा प्लग घालूनही फरक पडला नाही तर स्विचची वायर किंवा कॉइल बघण्याचे काम मेकॅनिककडे द्यावे.

शेवटी दाब. चांगल्या इंजिनाची दोरी ओढताना हाताला ठरावीक अंतराने अडथळा जाणवतो. दोरी सहज, अडथळ्याशिवाय येत असेल तर आधी प्लग घट्ट बसला आहे का ते पाहावे. काही मोठ्या करवतींत ओढ हलकी व्हावी म्हणून दाब सोडणारे बटण असते, ते दाबलेले नाही ना, हेही बघावे. हे ठीक असून अडथळा नसेल तर रिंग झिजली आहे किंवा पिस्टनवर चरे पडले आहेत, अशी शक्यता मोठी. दोरी मुळीच हलत नसेल तर पिस्टन जाम झाला असू शकतो. दोन्ही वेळा जोर लावण्यात अर्थ नाही.

ज्या क्षणी ती सुरू होते

एवढे सगळे तपासताना माणूस विसरतो ते हे, की यापैकी कोणताही उपाय लागू पडला तर पुढच्याच सेकंदाला दातेरी साखळी फिरू लागेल. पूर्ण वेगात ती सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वर. म्हणून दोरीची प्रत्येक ओढ ही "आता सुरू होणारच" असे समजूनच द्यायची.

साखळीचा ब्रेक लावलेला असावा. करवत सपाट जमिनीवर ठेवावी, साखळी कशालाही टेकलेली नसावी. डावा हात सरळ ठेवून पुढची मूठ घट्ट दाबावी, उजव्या पायाच्या बुटाचे टोक मागच्या मुठीत घालून ती जमिनीवर धरावी आणि उजव्या हाताने दोरी ओढावी. करवत हवेत सोडत दोरीला झटका देण्याची ऐट अनेक ठिकाणी दिसते. त्यात यंत्रावर ताबा एकाच हाताचा उरतो आणि खाली असते मांडी. दुसऱ्या कुणाला करवत धरायला सांगू नये. मुले आणि मदतनीस लांब उभे राहावेत. लुंगी, गळ्यातला पंचा, सैल बाह्या या वेळी नकोत.

पेट्रोल भरले त्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन मगच इंजिन सुरू करावे. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये. पाऊस आहे म्हणून पडवीत किंवा बंद खोपीत करवत चालवून बघू नये. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि डोके दुखणे, मळमळणे अशा लक्षणांनी तो आधी गाफील ठेवतो. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. इतक्या आवाजात कानांना संरक्षण नसेल तर पाव तासही जास्तच होतो. तेव्हा कान झाकणारी साधने आणि डोळ्यांवर चष्मा दोरी ओढण्याआधीच चढवावा.

इंजिन सुरू झाल्यावर ब्रेक सोडून एक गोष्ट पाहावी. ॲक्सिलरेटर न दाबता साखळी स्थिर राहते का? ती आपोआप फिरत असेल तर इंजिनाचा मंद वेग जास्त आहे. अशी करवत दुरुस्त होईपर्यंत झाडाला लावू नये. आणि विजेच्या तारेवर पडलेले झाड हे करवत चालू असली तरी आपले काम नव्हे, ते महावितरणला कळवावे.

माळ्यावर ठेवण्याआधी

या साऱ्या खटाटोपातला मोठा भाग मेमध्ये नव्हे, ऑक्टोबरमध्ये टाळता येतो. पावसाळ्याचे काम संपले की टाकी रिकामी करावी, उघड्यावर इंजिन सुरू करून आतले उरलेले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. एअर फिल्टर झटकून ठेवावा, साखळीवर तेलाचा हात फिरवावा, बारवर आवरण चढवावे आणि करवत कोरड्या जागी ठेवावी. पेट्रोलच्या डब्यावर भरल्याची तारीख लिहावी. पुढच्या मेमध्ये ताजे मिश्रण भरून, पाऊस यायच्या दोन आठवडे आधीच एकदा ती सुरू करून पाहावी. दोष निघालाच तर मेकॅनिकला सवड असते, आणि झाड अजून उभे असते.